गुरुवारची बस

मार्च लागला की तळवडे रस्त्याच्या कडेच्या शिरिषाच्या शेंगा वाजायला लागतात. वाळून पिवळ्या पडलेल्या, हलक्या. वाऱ्याची एक झुळूक आली की झाडभर खुळखुळ सुरू. चाकणच्या बाजाराकडे कांद्याचे ट्रॅक्टर एकामागोमाग निघालेले असतात. त्यांचा उग्र वास आणि कुठल्या तरी कंपनीच्या पेंट शॉपमधून येणारा थिनरचा वास एकमेकांत मिसळून नाकात बसतो. चौकाचौकात दहावी-बारावीच्या मुलांना शुभेच्छा देणारे फ्लेक्स लागतात. त्यांवर शुभेच्छा बोटभर आणि देणाऱ्याचा फोटो हातभर. हे सगळं एकदम आलं की माझं बूड एका जागी टेकत नाही. घरात असलो तर उगाच कपाटाच्या बिजागऱ्या तपासतो, बिघडलेलं काही सापडलं नाही तर चांगलं चाललेलं खोलून बसतो. खिशातली मोजायची टेप बाहेर काढतो, खर्रकन ओढतो, सोडून देतो, पुन्हा ओढतो. सुनंदा, माझी बायको, बालवाडीत शिकवते, त्यामुळे चुळबुळ करणारी पोरं तिच्या चांगल्या ओळखीची आहेत. ती वहीतून मान वर न काढता म्हणते, "मार्च आला वाटतं."

हे खूळ लागलं तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये. त्या एका उन्हाळ्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. सुखाचा म्हणावा तर आठवला की छातीत काहीतरी टोचतं. वाया गेला म्हणावं तर इतका भरलेला उन्हाळा मी पुन्हा पाहिला नाही.

मी चाकणच्या अलीकडे एका कंपनीत टूलरूमला फिटर आहे. पत्र्याचे भाग दाबून काढणारे साचे असतात, आम्ही त्यांना डाय म्हणतो, त्यांचे दोन भाग एकमेकांशी जुळवणं हे माझं काम. मधे जेवढी फट ठरलेली असते त्याहून केसभरही जास्त चालत नाही. ढिलेपणाला आमच्याकडे 'प्ले' म्हणतात, आणि आमच्या टूलरूममध्ये तो शब्द शिवीसारखाच वापरतात. माझ्या हातचा जॉब ढिला बसला असं एकोणीस वर्षांत कुणी म्हणालेलं नाही. याचा मला फार अभिमान होता. 'होता' हे मुद्दाम लिहितोय.

या एकोणीस वर्षांतला मोठा भाग गेला कंपनीच्या बसमध्ये. आकुर्डीला चढायचं, निगडी, तळवडे करत इंद्रायणीचा पूल ओलांडायचा आणि पुढच्या फाट्याला डावीकडे वळून कंपनीच्या गेटात उतरायचं. संध्याकाळी उलटं. कंपनीच्या बसमध्ये जागा कुणी नेमून देत नाही, पण पहिल्या महिन्यात जिथे बसलात तिथूनच तुम्ही रिटायर होता. माझी जागा डावीकडची चौथी, खिडकीजवळ. तिथल्या काचेवर माझ्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. खंडेनवमीला बस धुऊन, झेंडूचे हार घालून निघायची, तेव्हाही तो डाग तेवढा राहून जायचा. शेजारी पेंट शॉपमधला एक माणूस बसायचा, जो अकरा वर्षं माझ्या खांद्यावर झोपला. त्याच्या बायकोचं नाव मला ठाऊक नाही, पण तो कुठल्या स्पीडब्रेकरला जागा होतो ते पाठ आहे. मी मात्र कधी झोपलो नाही. मी रस्त्याकडे बघत बसायचो. पुलापुढच्या फाट्याला बस डावीकडे वळायची आणि मी मान वळवून सरळ जाणाऱ्या रस्त्याकडे बघायचो. तो रस्ता कुठे जातो हे ठाऊक होतंच, चाकणला जातो. तरी बघायचो.

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या जगाचा रविवार, आमचा गुरुवार. माझ्या मुलीची, गार्गीची, शाळा आणि सुनंदाची बालवाडी मात्र रविवारी बंद. म्हणजे मी घरी असायचो तेव्हा घर रिकामं, आणि घर भरलेलं असायचं तेव्हा मी डायवर वाकलेला. त्यात शिफ्ट. पहिल्या शिफ्टला मी निघायचो तेव्हा गार्गी झोपलेली, ओव्हरटाइम करून किंवा दुसरीहून यायचो तेव्हाही झोपलेली. गार्गी चार-पाच वर्षांची असताना शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "पप्पा कुठायत गं?" ती म्हणाली, "आमचे पप्पा गुरुवारी येतात." काकू हसल्या, सुनंदा हसली, मीही हसलो. रोज रात्री त्याच घरात झोपणाऱ्या माणसाबद्दल ती हे सांगत होती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळायची, की तिघांची सुट्टी एकाच दिवशी येईल असं घर पाहिजे. तसं घर आकुर्डीत मिळत नव्हतं, पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायट्यांतही मिळत नसावं. मग ते चाकांवर का असू नये?

हा विचार बोलून दाखवायला निमित्त झाले ज्ञानोबामामा. मामा आमच्या बसचे ड्रायव्हर. तळवड्यातलं जुनं घराणं. शेती होती ती कंपन्यांत आणि रस्त्यांत गेली, घरामागचा एक मोकळा तुकडा तेवढा राहिला. पोरं धंद्यात, घरी काही कमी नाही, तरी मामा बस चालवायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "घरात बसून भिंतीकडं किती बगायचं?" तीन वर्षांपूर्वी ते आणि बस एकाच महिन्यात रिटायर होणार होते. ठेकेदाराने नव्या गाड्या घेतल्या होत्या.

"भंगारात घालत्यात हिला," मामा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले. "इंजान वाघावानी हाय अजून. नुसता पत्रा सडलाय."

मी उठून त्यांच्या केबिनपाशी गेलो. "मामा, हिच्यात घर होईल?"

मामांनी दोन गिअर बदलले, एका टेंपोला वाट दिली आणि मग म्हणाले, "व्हईल की. माणसं ऱ्हायला तयार पायजेत."

माणसं तयार होती. सुनंदाने एक दिवस विचार केला, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "वर्षभर जाऊ. पण वर्षच. आणि संडासाचं काय ते आधी सांगा." सातवीतल्या गार्गीने विचार वगैरे काही केला नाही, सरळ शाळेत सांगून आली. साहेबांनी बिनपगारी रजा तोंडी कबूल केली. जूनमध्ये निघायचं ठरलं. आठवीचा अभ्यास बसमध्ये, परीक्षा बाहेरून. समुद्र डाव्या हाताला ठेवून जायचं की उजव्या, यावर आमच्याकडे आठवडाभर वाद झाला. मी एक फाइल केली. कुठल्या गावात किती मुक्काम, पाणी कुठे भरायचं, कपडे कुठे वाळत घालायचे, गार्गीने इतिहास कुठे वाचायचा आणि गणित कुठे करायचं, सगळं त्या फाइलीत होतं. भंगाराच्या भावात घेतलेली बस मामांच्या घरामागच्या तुकड्यावर, कडुलिंबाखाली येऊन उभी राहिली.

सीट खोलण्याआधी नकाशा हवा. टूलरूमचा माणूस कागदावर विश्वास ठेवत नाही, त्याला खरं माप दिसावं लागतं. म्हणून मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर खडूने बस काढली, पूर्ण मापाची. दार, दोन खिडक्यांमधला पत्रा, चाकांचे उंचवटे, पुढे मामांची सीट, मधे ओटा, मागे झोपायची जागा. त्या एप्रिलमधल्या संध्याकाळी अजून माझ्या अंगाला लागतात. गच्ची दिवसभर तापलेली असायची, पायाला चटका बसायचा. इमारतीतल्या बायकांच्या कुरडया आणि पापड वाळत पडलेले. आमच्या खडूच्या बसच्या स्वयंपाकघरात कुणाच्या तरी कुरडयांची साडी अंथरलेली आणि बाथरूमच्या जागी साबुदाण्याच्या पापड्या. त्यावरून कुरबुरी झाल्या. एक आजी म्हणाल्या, "तुझी बस हलव, माझ्या सांडग्यांवर ऊन येत नाही." मी म्हणालो, "आजी, खडूच्या बसची सावली पडत नाही." आजींना ते पटलं नाही.

गार्गी त्या रेघांत राहायची. राहायची म्हणजे खरंच राहायची. नसलेलं दार ढकलून आत यायची, चप्पल दाराशी काढायची, ओट्यावर वाकून चहा ठेवायची. कुणी रेघ ओलांडून आडवं गेलं तर ओरडायची, "भिंतीतून जाऊ नका!" एका गुरुवारी शाळा सुटल्यावर तिने, सुनंदाने आणि मी त्या रेघांत बसून पोहे खाल्ले. गार्गी पुढे बसून ताट फिरवत होती, म्हणजे स्टिअरिंग. "आता कुठे आलो?" सुनंदाने विचारलं. "रत्नागिरी," ती म्हणाली, आणि मग, "थांबा, मागे एक गाव राहिलं, वळवते." लिंबाचा मोहर कुठून तरी दरवळत होता. गुरुवारी चालू असणाऱ्या एक-दोन कंपन्यांचे भोंगे झाले. खाली रस्त्यावर त्यांच्या दुसऱ्या शिफ्टच्या बसेस निघाल्या होत्या. मला कुठेही जायचं नव्हतं आणि मी निघालेलो होतो.

असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही. खऱ्या बसमध्ये तर नाहीच.

त्याच दिवशी मी गार्गीचं माप घेतलं. मागच्या बाजूला तिचा बर्थ येणार होता. डोक्याशी बसची मागची भिंत, पायाशी प्लायवूडची फळी आणि फळीपलीकडे ओटा. मी तिला गच्चीवर आडवं झोपवलं, डोक्याशी एक रेघ ओढली, टाचेशी एक रेघ ओढली. ती हसून हलत होती. "श्वास घेऊ नकोस," मी म्हणालो. टेप लावली. चौदाशे बावन्न मिलिमीटर. मी दहा मिलिमीटर जास्त धरले आणि चौदाशे बासष्ट असं खडूने लिहिलं.

सुनंदा बघत होती. म्हणाली, "अहो, वाढतं अंग आहे. शाळेचा फ्रॉकसुद्धा आपण आत चार बोटं दुमडून शिवून घेतो."

मी म्हणालो, "जूनमध्ये निघायचंय. तोवर किती वाढणार? आणि बसमध्ये प्ले ठेवला की सामान खडखडतं."

सामान! मी माझ्या मुलीला सामान म्हणालो. तेव्हा ते कानालाही खटकलं नाही.

मे महिन्यात कंपनीचा शटडाउन असतो, आठवडाभर मशिन बंद. तो सगळा आठवडा मी मामांच्या तुकड्यावर काढला. पत्र्याच्या बसमध्ये मे महिन्यात काय होतं, ते आत बसल्याशिवाय कळायचं नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या, जुन्या रेक्झिनचा वास, सीटखाली सापडलेल्या सोळा वर्षांच्या गोष्टी. तंबाखूच्या पुड्या, एक गॉगल, कुणाच्या तरी मुलाचा पायमोजा, खंडेनवमीचा सुकून कडक झालेला झेंडू. सगळ्या सीट काढल्या, एक ठेवली, डावीकडची चौथी. काचेवरचा डाग तसाच होता. मामा लिंबाखाली बाजेवर बसून सूचना करायचे. "आरं, डब्यावानी काय गच्च करतुस? जरा हवा जाऊ दी." मी ऐकत नव्हतो. माझे सगळे सांधे घट्ट बसत होते. कपाटाचं दार लागलं की 'टक्' असा आवाज यायचा, आणि त्या आवाजासाठी मी एकेका दाराला दोन-दोन दिवस द्यायचो.

जून आला. पाण्याच्या टाकीला एक थेंब पाझरत होता. मी म्हणालो, एक गुरुवार द्या. मग गिअरबॉक्सचं घोडं अडलं. मग बसची नोंदणी बदलून घ्यायची होती, त्यात पावसाळा गेला. पण खरं सांगायचं तर गिअरबॉक्स चार दिवसांत झाला होता आणि कागदपत्रं दिवाळीच्या आत हातात आली होती. थांबवलं होतं ते मीच. गार्गी आठवीत बसली, "पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणालो. बर्थचं पॉलिश मनासारखं नव्हतं. बिजागऱ्या बदलायच्या होत्या. खिडकीचा स्क्रू तिरका गेला होता. आमच्याकडे नवा डाय झाला की आधी ट्रायल घेतात, पहिला पीस वाकडा निघतो, मग सुधारणा होते. सोळा वर्षं मी हेच केलं होतं. आणि स्वतःच्या बसची मात्र एकदाही ट्रायल घेतली नाही. ट्रायल घेतली असती तर काहीतरी वाकडं निघालं असतं, आणि तेच मला नको होतं.

गार्गी सुरुवातीला दर आठवड्याला विचारायची, "पप्पा, मी एकदा झोपून बघू?" पॉलिश ओलं आहे, मी म्हणायचो. फळीला कडा लावायच्या आहेत, म्हणायचो. गादी येऊ दे, म्हणायचो. नववीत तिने विचारणं सोडलं. सोडलं हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी बसमध्ये होतो. गुरुवारी. जो एक गुरुवार त्या पोरीच्या वाट्याला यायचा, तो मी तिच्याचसाठी घर बांधण्यात घालवला. ती शाळेतून दुपारी घरी यायची तेव्हा मी तळवड्यात असायचो. "पप्पा गुरुवारी येतात," हेसुद्धा खरं राहिलं नव्हतं.

कुणी विचारेल, बाकीचे दिवस ती दिसत नव्हती का? दिसत होती. झोपलेली. आणि झोपलेल्या पोरीची उंची कळत नाही.

यंदा मार्च आला तो तिची दहावी घेऊन. शेंगा वाजल्या, कांद्याचा वास आला, फ्लेक्स लागले, आणि मी सवयीने टेप ओढायला लागलो. जानेवारीतच गार्गीने जेवताना सांगून टाकलं होतं, "मी अकरावीला लातूरला जाणार. आत्याकडे राहीन. पेपर झाले की लगेच क्लास सुरू होतात तिथे." आमच्याकडची पोरं दहावी झाली की लातूरला शिकायला जातात, त्यात नवीन काही नाही, मी स्वतः त्याच जिल्ह्यातला, आयटीआय करून उलट्या दिशेने इथे आलो. सुनंदा हो म्हणाली. मीही हो म्हणालो. मग ताटातली भाकरी तशीच ठेवून बिजागऱ्या बघायला उठलो. निघायचं निघायचं मी करत राहिलो, आणि निघाली ती.

शेवटचा पेपर भूगोलाचा होता, आणि तो गुरुवारी आला. तिच्या आख्ख्या परीक्षेत मला केंद्रावर सोडायला जाता आलं ते त्या एका पेपरला. बाहेर फुटपाथवर आयाबापांची गर्दी, उसाच्या रसाचं घुंगरू वाजतंय, एक बाप देवाचं नाव घेत फेऱ्या मारतोय. मीही मारत होतो. ती बाहेर आली, पॅड काखेत, आणि मैत्रिणींचा निरोप घेत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. माझ्या कानाला तिचा कान लागत होता. मी जरा सरकलोच.

"कसा गेला?"

"ब्राझील पूर्ण लिहिला," ती म्हणाली. "नद्या, रस्ते, जंगल, सगळं. पप्पा, ब्राझीलचे रस्ते पाठ आहेत मला आणि मी रत्नागिरी पाहिलेली नाही." मग म्हणाली, "बस चालू होते का अजून?"

बस चालू झाली. मामा दर पंधरवड्याला तिला एकदा गुरगुरवून ठेवत होते, मला न सांगता. "गाय उबी ठिवली तर आटती," म्हणाले. आम्ही तळवड्याहून आकुर्डीला आलो आणि बालवाडी सुटायच्या वेळी सुनंदाच्या शाळेसमोर उभे राहिलो. पोरांच्या गराड्यातून ती बाहेर आली, बसकडे बघितलं, गार्गीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पडदे नाहीत लावले अजून," ती म्हणाली.

"नाही लावले."

"बरं," म्हणून ती पर्स सावरत चढली.

गार्गीला घाटाकडे जायचं होतं. मामा म्हणाले, चाकणवरनं सरळ राजगुरुनगरच्या पुढं नेतो, भीमाशंकरच्या रस्त्याला. मी माझ्या सीटवर बसलो, डावीकडची चौथी, डोकं काचेला टेकवलं. आकुर्डी, निगडी, तळवडे. उन्हाने रस्ता चकाकत होता. इंद्रायणीचा पूल आला, खाली पाण्यावर हिरवी जलपर्णी पसरलेली. पूल संपला. फाटा आला. मामांनी इंडिकेटर दिला, बस डावीकडे वळली, आणि मला जराही वावगं वाटलं नाही. मी तर डबा घ्यायला सीटखाली हात घातला.

बस कंपनीच्या गेटसमोर उभी राहिली.

गुरुवार. गेट बंद. वॉचमन खुर्चीवरून उठून आला, बसकडे बघून हसला. "काय राव, सुट्टीच्या दिवशी? आणि ही बस अजून जिवंत आहे?" मामांनी कपाळावर हात मारून घेतला. "हात गेलं आपसुक. डोस्कं न्हाई गेलं, हात गेलं." सुनंदा तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला हसू येत नव्हतं. तीन वर्षं मी या बसचा एकेक स्क्रू बदलला, रंग बदलला, नाव बदललं, आणि पहिल्याच दिवशी आम्ही दोघे तिला घेऊन ड्युटीवर हजर झालो.

गार्गी खिडकीतून बघत होती. "ही तुमची कंपनी?" तिने ती कधी पाहिलीच नव्हती. "तुम्ही कुठे बसता?" मी तिला पत्र्यांच्या छपरांच्या रांगेतलं तिसरं छप्पर दाखवलं. "बसत नाही, उभा असतो." ती बराच वेळ त्या छपराकडे बघत होती. मग मागे गेली आणि बर्थवर चढली. या वेळी तिने विचारलं नाही.

मी मागे गेलो तेव्हा ती गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती. सरळ व्हायला गेली तर टाचा फळीला धडकत होत्या.

"पप्पा," ती म्हणाली, "मी याच्यात मावत होते?"

त्या प्रश्नात तक्रार नव्हती. नुसतं नवल होतं. 

मामा मागून डोकावले. "आरं, पोरगी हाय का काडीपेटीतली काडी?"

माझा हात खिशात गेला. नवं माप घ्यायला हवं होतं. ओटा वीस सेंटिमीटर पुढे घेता येईल का, गॅसची नळी कुठून जाईल, दोन गुरुवार लागतील, फार तर तीन. टेप खर्रकन निघाली.

"पप्पा, टेप ठेवा," गार्गी म्हणाली.

"फळी काढून टाका ना नुसती," सुनंदा म्हणाली.

चार स्क्रू होते. दोन मिनिटं लागली. दोन! फळी निघाली आणि गार्गीने पाय लांब केले, ते थेट ओट्यावर आले, शेगडीच्या शेजारी. "पाय आवर गं, चहा ठेवायचाय," सुनंदा म्हणाली आणि तिच्या पायांना वळसा घालून तिने पातेलं ठेवलं. मी खाली बसच्या जमिनीवर बसलो. मुलीच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, तिच्या आईसारख्या. मला त्या पहिल्यांदा दिसल्या. मला रडू आलं आणि मी ते चहाच्या वाफेवर ढकललं. बंद गेटासमोर, आमच्या कंपनीच्या भिंतीच्या सावलीत, चौघांनी चहा घेतला. वॉचमनलाही दिला. पेपर संपले, बालवाडी सुटली, आणि तिघांची सुट्टी त्या दिवशी एकाच वारी आली होती. घाट त्या दिवशी राहिला. मावळतीला तिथून आम्ही बस मागे घेत बाहेर काढली, कारण गेट बंद असलं की तिथे वळायला पुरेशी जागा नाही.

हे झालं त्याला आठवडा झाला. मी साठलेल्या रजा मागितल्या, मिळाल्या. गार्गीचे क्लास सुरू व्हायला अजून दहा दिवस आहेत. तिला लातूरला सोडायला आम्ही बसनेच जाणार आहोत. मामाही येतायत, "लातूर बघितलं न्हाई म्या," म्हणतायत. पडदे लावलेले नाहीत, खिडकीचा स्क्रू तिरकाच आहे, फाइल मी कपाटावर ठेवून दिली. ती काढलेली फळी तेवढी मामांकडे ठेवली. त्यांनी लिंबाखाली बाजेला टेकण म्हणून लावली आहे.

परत येताना तो बर्थ रिकामा असेल. त्याचं काय करायचं, हे मी ठरवलेलं नाही, आणि ठरवायला बसणारही नाही. एसटीने लातूर आठ तासांवर आहे. आम्ही नऊ दिवस लावणार आहोत. मामांना सांगून ठेवलंय, फाटा दिसला की वळा.